मंद्रूपपलीकडचा ज्वालामुखी

खडक खोटे बोलत नाहीत, आणि ज्याने आयुष्य खडकांच्या सहवासात घालवले तो माणूसही हळूहळू खोटे बोलणे विसरतो. हे वाक्य माझे नव्हे, आमच्या प्राध्यापकांचे. दरवर्षी पहिल्या तासाला ते हे वाक्य उच्चारत आणि मग खिडकीबाहेर बघत थोडा वेळ थांबत. वाक्यापेक्षा ते थांबणे जास्त परिणामकारक होते. पुढे मी सोलापुरात एका कॉलेजात भूशास्त्र शिकवू लागलो तेव्हा मीही पहिल्या तासाला ते वाक्य म्हटले आणि खिडकीबाहेर बघत थांबलो. बाहेर सायकल स्टँड होता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, सायकल गेली का?"

सोलापूर ज्या काळ्या दगडावर उभे आहे तो एके काळी वितळलेला लाव्हा होता, हे सांगणे माझे काम. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा उसळून पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. असे थरावर थर. मध्येच एखादा विटकरी मातीचा पट्टा सापडतो. तो म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. ती विश्रांतीही हजारो वर्षांची. हे सगळे संपून साडेसहा कोटी वर्षे झाली. त्यामुळे मी ज्वालामुखीचा अभ्यासक आहे असे कोणाला सांगताना मला नेहमी चोरट्यासारखे वाटे. पंगत उठून गेल्यावर पत्रावळी बघून स्वयंपाक काय होता ते सांगणारा माणूस, एवढीच माझी पात्रता. जिवंत ज्वालामुखी मी पुस्तकातच पाहिला होता, तोही काळ्यापांढऱ्या चित्रात, त्यामुळे आग कुठली आणि धूर कुठला हे नीट कळत नव्हते.

तक्रार नव्हती. दगडांचा धंदा शांत असतो. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन विहिरी बघत हिंडायचे, उतरता येईल तिथे उतरायचे, थर मोजायचे, शेतकऱ्याच्या घरची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊन परत यायचे. खेड्यांत मला 'दगडाचे मास्तर' म्हणत. पाणी कुठे लागेल ते विचारत आणि मी सांगितलेली जागा सोडून दुसरीकडे खणत. त्यांना पाणी लागे. माझ्या जागेवरही लागले असते, असे मी मनाशी म्हणे. शास्त्रात अशा समाधानाला बंदी नाही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली होती. तुळशीचे लग्न नुकतेच होऊन गेले होते आणि सकाळी पाणी तापवावे लागण्याइतकी थंडी पडू लागली होती. अशा एका सकाळी तहसीलदारांची जीप आमच्या दारात उभी राहिली. मंद्रूपच्या पलीकडे एका गावात ज्वालामुखी निघाला आहे, तो येऊन बघावा, असा निरोप होता.

मी हातोडी, भिंग, प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणि नमुन्यांच्या पिशव्या गोळा करू लागलो. पिशव्या गरजेपेक्षा जास्तच घेतल्या, हे कबूल केले पाहिजे. शक्य नाही हे मला ठाऊक होते. पण साडेसहा कोटी वर्षे गप्प राहिलेल्याला बोलावेसे वाटलेच, तर ते माझ्या नोकरीच्या काळात वाटावे, एवढी आशा माणूस बाळगतोच.

"जेवायला घालणार आहेत का?" पत्नीने विचारले.

"अगं, ज्वालामुखी आहे म्हणतात."

"असू दे की. डबा देऊ का नको ते सांगा. आणि ते नवे बूट घालून जाऊ नका."

तहसीलदार जीपमध्ये पुढे बसले होते. गृहस्थ सज्जन, पण गंभीर. "माझ्या सर्व्हिसमध्ये पूर झाला, पटकी झाली, दुष्काळ तर झालाच," ते म्हणाले. "ज्वालामुखी पहिलाच." बढतीच्या वेळी ही गोष्ट कुठे बसवायची याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

गावात शिरताच लाउडस्पीकर ऐकू आला. सरपंचांच्या घरामागे मोठे मोकळे आवार होते, तिथेच हा प्रकार होता. आवार नुकतेच साफसूफ करून सपाट केलेले. एका बाजूला मांडवाचे बांबू रचलेले. मधोमध चार खुंट्यांना दोरी बांधून चौकोन केला होता आणि त्या चौकोनात, जमिनीला पडलेल्या एका भेगेतून, खरोखरच वाफ निघत होती. पांढरी, संथ, सकाळच्या गारव्यात छान दिसणारी. कोणीतरी भेगेवर हळद-कुंकू वाहिले होते, उदबत्ती लावली होती आणि नारळ फोडून ठेवला होता. दोरीबाहेर टेबल, टेबलावर फुलाफुलांची चादर, तिच्यावर माइक.

सरपंच पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, चाळिशीचे, बोलण्यात कोणाला हार न जाणारे. त्यांनी आम्हा दोघांना हार घातले आणि भाषण सुरू केले. ज्वालामुखीच्या स्वागताचे भाषण मी आयुष्यात तेवढेच ऐकले. "ज्या गावानं लेव्हीचा जोंधळा, एक दाणा मागं न ठेवता, तालुक्यात सगळ्यात आधी भरला, त्या गावावर आज ही वेळ आली हाय," ते म्हणाले. त्या वर्षांत सरकार शेतकऱ्यांकडून ठरलेल्या भावाने धान्य घेई, तीच लेव्ही. तहसीलदारांनी मान डोलावली. या गावाचा सत्कार मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच केला होता. बाजूला बाजेवर घोंगडे पांघरून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते सरपंचांचे वडील. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांना जोराचा ठसका लागला.

खरी अडचण काय ते मला भाषणानंतर कळले. सरपंचांच्या मुलीचे लग्न आठवड्यावर आले होते आणि मांडव याच आवारात पडायचा होता. मुलगा अकलूजकडचा, पाटाच्या पाण्याखालच्या उसाचा. ज्वालामुखीची बातमी तिकडे पोचली, तसे त्यांनी मुलाच्या मामाला पाहणीसाठी पाठवले. मामा तिथेच उभे होते. टोपी कडक, मिशा कडक, तोंडात पान.

"आमी पोरगी करून न्यायला येणार, होरपळायला न्हाय," ते मला म्हणाले. "वऱ्हाडात म्हातारीकोतारी हायेत, ल्हान पोरं हायेत. तुमी सरकारी मानूस. काय ते एकदाच सांगा. न्हायतर आमी सोयरीक मोडली असं समजा."

मी सरकारी नव्हतो, पण हे सांगण्याची वेळ नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी उभी होती, हातात परात. नवरी तीच असणार. सगळे वाफेकडे बघत होते. ती मामांकडे बघत होती.

"बगा सायब, नीट बगा," सरपंच माइक बाजूला ठेवून हळूच म्हणाले. त्या आवाजात भाषण अजिबात नव्हते. "पत्रिका वाटून झाल्यात की."

मी दोरी ओलांडून आत गेलो. वाकलो. गंधकाच्या वासासाठी नाक तयार ठेवले होते.

"गंधकाचा येतो ना वास?" तहसीलदारांनी आशेने विचारले.

वास आंबलेल्या पिठाचा होता. थर्मामीटर भेगेत सोडला. आतली वाफ अंघोळीच्या पाण्याइतकी कढत. लाव्हा एवढ्यावर भागवत नाही. माझी आशा तिथेच संपली, आणि ती इतक्या सहज संपली की मला फारसे वाईटही वाटले नाही. मुंज चुकून लांबणीवर पडावी तसे थोडेसे वाटले, एवढेच.

पण मग हे काय? मी मांडवाचा एक लांब बांबू मागवला आणि भेगेत घातला. वर हातभर माती, मग मुरूम लागायला हवा होता. मुरूम म्हणजे तोच जुना लाव्हा, झिजून भुसभुशीत झालेला. पण बांबू एका दगडी फरशीच्या कडेला घासून एकदम आत गेला, आणि गेला तो जातच राहिला, खाली मऊ काहीतरी लागेपर्यंत. तो वर काढला तेव्हा त्याच्या पोकळ टोकात गाभा भरून आला होता, बोअरच्या नळीत येतो तसाच. लोकांकडे पाठ करून मी तो तळहातावर ठोकला.

जोंधळा होता. फुगलेला, काळवंडलेला, काही दाण्यांना मोड आलेले. नमुना साडेसहा कोटी वर्षांचा नव्हता. मागच्या सुगीचा असावा.

पेव होते ते. आमच्याकडे धान्य असे जमिनीत ठेवण्याची जुनी रीत आहे. मुरमात सुरईच्या आकाराचा खड्डा खणतात, आतून कडबा लावतात, जोंधळा भरतात, अरुंद तोंडावर फरशी ठेवून शेणमातीने लिंपतात आणि वर माती लोटतात. पाणी शिरले नाही तर वर्षानुवर्षे टिकते. शिरले तर आतल्या आत पेटल्यासारखे तापते. सरपंचांनी लग्नासाठी आवार सपाट केले, जुनी नाली बुजवली, परतीचा पाऊस तिथेच साचला. ज्वालामुखीचे शास्त्रीय स्पष्टीकरण एवढेच.

"काय मिळालं, सर?" तहसीलदार.

"नमुना."

"कशाचा?"

"तपासावा लागेल," मी म्हणालो, आणि दाणे पिशवीत घालून पिशवी खिशात ठेवली. लेव्ही एक दाणा मागे न ठेवता भरलेल्या सरपंचांच्या आवारात, सत्कार करणाऱ्या तहसीलदारांसमोर, नवरदेवाच्या मामांच्या साक्षीने मूठ उघडावी असे मला वाटेना. सरपंचांनीच हे लपवले असेल तर माणूस मोठा नट होता. पण नटाच्या कपाळावर एवढा घाम येत नाही.

मी दोरीबाहेर आलो आणि ज्वालामुखी नाही असे सांगून टाकले. तहसीलदारांचा चेहरा उतरला. मामांचा बदलला नाही.

"मग वाफ कशाची?"

"उकिरड्यात हात घातला तर गरम लागतं की नाही?"

"लागतंय की."

"तसंच आहे हे. खाली काहीतरी दबलेलं आहे, त्यात पाणी शिरलं, ते कुजतंय. त्याची ऊब."

"काहीतरी म्हंजी काय?"

बाजेवर अप्पांचे सुपारी चघळणे थांबले.

"वनस्पतीजन्य पदार्थ," मी म्हणालो.

शब्द पुरेसा जड होता. आजूबाजूच्या चारसहा जणांनी माना हलवल्या आणि एकाने तो पुढे पोचवला. पण मामा ऊसवाले. शब्दांवर पोसलेले नव्हते.

"तुमी सांगून सोलापूरला जाणार," ते म्हणाले. "आमी हितं जेवायला बसणार. तुमची पोरगी असती तर मांडव घातला असता का हितं?"

प्रश्न रास्त होता. मी टेबलामागची खुर्ची उचलली, दोरी ओलांडली आणि वाफेच्या जवळ, जरा उजवीकडे ठेवली. "चहा इथेच आणा," मी म्हणालो.

"सायब, तितं नगं!" बाजेवरून आवाज आला. अप्पा उठून उभे राहिले होते. "हिकडं घ्या की खुर्ची. तितं ऊन हाय."

"थंडीचे दिवस आहेत, अप्पा. ऊन बरं वाटतं."

"तर मग हिकडं लई ऊन हाय."

लोक हसले. म्हातारे मात्र तरातरा दोरीखालून आले, माझ्या हातातून खुर्ची ओढून घेतली आणि चार हात डावीकडे नेऊन ठेवली. पायाने माती दाबून पाहिली. "हां. आता बसा," म्हणाले. कुठे पोकळ आहे आणि कुठे भरीव, हे त्या आवारात ज्याला अंगठ्याने कळत होते असा माणूस तेवढा एकच होता. आमची नजरानजर झाली. त्यांनी ती पटकन वाफेकडे वळवली.

"अप्पा, सायबांना बसू द्या की तितंच," सरपंच म्हणाले.

"सुम्निरू," अप्पा कानडीत डाफरले. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. पण बापाने पोराला कानडीत म्हटले की तो जरा जास्त होतो.

मी बसलो. चहा आला. वाफ माझे गुडघे शेकत होती आणि ते वाईट नव्हते. दुसरा कप आला तेव्हा मामा दोरीशी येऊन उभे राहिले. मी भाकरी मागितली. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, दही. ताट घेऊन नवरीच आली, दोरी ओलांडून, कोणालाही न विचारता. ताट माझ्या मांडीवर ठेवले आणि परत जाताना मामांना म्हणाली, "मामा, तुमचं पान हितंच वाडू का आत?"

सासरच्या माणसाला लग्नाआधी असे विचारायची पद्धत नव्हती. मामांनी मिशीवरून हात फिरवला, पिंक टाकली आणि दोरी ओलांडली. त्यांची खुर्चीही अप्पांनीच जागा बघून ठेवली. मामांना तो मान वाटला.

त्यांनी वाकून वाफेत हात धरला. "गरम हाय."

"आहे."

"पर जाळ न्हाय."

"नाही."

"हुईल का?"

"खालचा दगड वितळायला लागला असता तर मी इथं भाकरी खात बसलो असतो का?"

"मास्तर लोकांचं काय सांगावं," मामा म्हणाले, आणि चटणीत बोट घालून चाखले. "तिखट हाय. पोरीनं केली?"

"तिनंच," सरपंच घाईने म्हणाले.

मामांनी भाकरी मोडली. दुसरी मागितली. ती संपवून हात धुतला आणि उभे राहिले. "ठरल्या तिथीला येतो," ते म्हणाले. "ती दोरी तेवडी काढा. वऱ्हाडी पाय अडकून पडतील." स्वयंपाकघराच्या दारात परात जमिनीवर पडल्याचा मोठा आवाज झाला.

तहसीलदारांना लेखी काहीतरी हवे होते. "ज्वालामुखीसदृश, असं लिहिता येईल का?" त्यांनी विचारले. मी लिहिले, की जागेची पाहणी केली. भूगर्भीय कारण आढळले नाही. प्रकार स्थानिक व तात्पुरता आहे. धोका संभवत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या प्राध्यापकांना तो कागद दाखवता आला असता. ते खिडकीबाहेर बघत थांबले असते.

जीपपर्यंत पोचवायला अप्पा आले. तहसीलदार सरपंचांशी बोलत मागे रेंगाळले होते. म्हाताऱ्याने थोडा वेळ काठीने मातीत रेघा ओढल्या.

"लेव्हीत गेला असता समदा," ते म्हणाले. "नातीच्या लग्नाला ठिवला हुता. दुष्काळात दाना न्हाय बघितला आमी. पुन्यांदा हात रिकामा नगं म्हटलं."

"मुलाला माहीत नाही?"

"त्यो भाषनं करतोय. त्येला कसं सांगू? नाली बुजवाय लागला तवाच जीव वर आला माजा. पर बोलू कुटं?"

"आणि लग्न मोडलं असतं तर?"

"आज बोलनारच हुतो," म्हातारा म्हणाला. मग खरेपणाने, "तुमचं जेवान झाल्यावर."

मी त्यांना सांगितले, की पेव उघडाल तेव्हा लगेच आत कोणाला उतरवू नका. कुजक्या धान्याचा वायू साचलेला असतो, माणूस जागच्या जागी जातो. तोंड उघडे ठेवून वारा लागू द्या, कंदील सोडून बघा. तो विझला तर उतरायचे नाही.

"ते ठावं हाय," अप्पा म्हणाले. "पर उगडायचं कसं? समदं गाव बगतंय. काय म्हनून सांगू?"

हजारो वर्षांच्या विश्रांतीचा हिशेब लावणे सोपे. लग्नघरात दिवसाढवळ्या खड्डा खणायला कारण शोधणे अवघड. जीप सुरू झाली. "शरणार्थ," अप्पांनी हात जोडले. चेहरा मात्र अजून विचार करत होता.

लग्नाला मी आणि पत्नी दोघेही गेलो. मांडव त्याच आवारात होता. वाफेची जागा शोधली तर तिथे ऐसपैस खड्डा खणलेला. चौकशी केली तेव्हा सरपंच कौतुकाने म्हणाले, की उष्ट्या पत्रावळी टाकायला खड्डा हवा होता, तो कुठे घ्यायचा यावरून वाद चालला होता. तर अप्पा म्हणाले, सायबांनी पास केलेली जागा सोडून दुसरीकडे कशाला खणायचे? खणायला अप्पांनी मळ्यातले आपले दोन विश्वासाचे गडी लावले आणि पूर्ण होईपर्यंत तिथे बाज टाकून स्वतः बसले. कोणाला जवळ येऊ दिले नाही. म्हाताऱ्याला कामाची भारी हौस, सरपंच म्हणाले.

तळाचा थोडा जोंधळा चांगला निघाला असावा. पंगतीत गव्हाच्या पोळीबरोबर भाकरीही होती, आणि ती कुठल्या जोंधळ्याची आहे हे अप्पांनी मला सांगितले नाही. फक्त माझ्या पानात न मागता दुसरी वाढायला लावली. चवीला उत्तम होती. मामा माझ्या शेजारी बसले होते. "आमी म्हनलंच हुतं, काय न्हाय हितं," ते पलीकडच्या पाहुण्याला सांगत होते. नवरी बोहल्यावर खाली मान घालून उभी होती, पण मामांच्या बाजूने आवाज वाढला की तिच्या मुंडावळ्या हलत.

पत्नीने परतताना विचारले, की मी त्या दिवशी नक्की काय शोधून काढले. मी सांगितले. ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "नवे बूट नाही घातलेत तेच बरं."

दहाबारा दिवसांनी तहसीलदारांची जीप पुन्हा दारात आली. त्याच जागेतून पुन्हा वाफ निघते आहे, आधीपेक्षा जास्त, असा निरोप होता. मी उलट कळवले, की त्या पत्रावळी आहेत.